शिवेवर अडलेला गाडा

इंग्रजांच्या राणीसरकारच्या राज्यातली ही गोष्ट. नाथगिरी महाराज नावाचे गोसावी तेव्हा सावरखेडला मारुतीच्या पारावर उतरले होते. गावात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, थैमान घातले होते. अशा वेळी काय करायचे ते गावाला पाठच होते. मरीआईचा गाडा सजवायचा, रोगराई त्यात बसवायची आणि वाजतगाजत शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून यायचे. पुढे ते जाणोत आणि त्यांचे नशीब!

शेजारी होती बोरवाडी. सावरखेडच्या तानूबाई कुंभारणीची लेक तिथे सासरी नुकतीच बाळंत झालेली. गाडा निघाल्याचे कळताच महाराजांची भक्त असलेली तानूबाई हातातले काम टाकून उठली. ती धावत शिवेवर गेली आणि वाटेत आडवी उभी राहिली.

"सर बाजूला, म्हातारे!" गाड्यापुढे चालणारे सावरखेडचे धोंडजी पाटील कडाडले. "तुझ्या एका लेकीपायी सगळं गाव मरू द्यायचं व्हय?"

"आधी माझ्या अंगावरनं न्या गाडा, मालक!"

"मग बोलव की तुझ्या महाराजांना! गोसावडा गाडा अडवतोय का बघू!"

सगळे खो खो हसले. तानूबाईने डोळे मिटून हाक मारली, "महाराज, धावा हो! माझी ओली बाळंतीण हाय तिथं!"

आणि काय नवल! गाडा जागचा हलेना. ना चिखल, ना धोंडा. गडी रेटून रेटून दमले, पाटलांनी स्वतः खांदा लावला, तरी चाक तसूभर सरकेना. तेवढ्यात मागून महाराज आले.

महाराज म्हणाले, "पाटील, रोग गाड्यात बसलाच नाही, तर जाईल कसा? तो तुमच्या विहिरीत बसलाय. आजाऱ्यांची धुणी विहिरीच्या काठावर धुता आणि तेच पाणी पिता! विहीर बंद करा. नदीच्या वाळूत झरा खणा, पाणी उकळून प्या. तानूमाय, गाड्याला हात लाव."

म्हातारीने नुसता हात लावला मात्र, गाडा गर्रकन वळून गावाकडे चालू लागला!

त्याच दिवशी विहिरीवर काटेरी फांद्या पडल्या. तानूबाईने आपली कोरी मडकी घरोघर वाटली, चुलीचुलीवर पाणी उकळू लागले. हळूहळू पटकी हटली, गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

पाटील रडत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे काय धरता? ज्यांच्या दारात मरण लोटायला निघालात, त्यांचे धरा."

पाटील अनवाणी बोरवाडीला गेले. तानूबाईच्या लेकीच्या दारात पागोटे उतरवून त्यांनी उंबऱ्यावर डोके टेकले. आत तान्हे बाळ पोटभर पिऊन झोपले होते.