इस्माईलभाईंचा मेल

“मग तुम्हीच सांगा अण्णा… यात माझं चुकलं कुठे?”

वडनेरे अण्णांनी उत्तर दिलं नाही. घरापुढच्या ओट्यावर मांडी घालून ते वाल सोलत होते. मोड आलेला दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, की डाळिंबी निसटून पातेल्यात पडायची. साल वर्तमानपत्रावर.

पराग गायधनीला वाटलं, आपण प्रश्न फार लवकर विचारला. आधी सगळं रीतसर सांगायला हवं.

पराग अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला. अवजड माल उचलायच्या चेनपुल्या बनवणाऱ्या कारखान्यात अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं कॉम्प्युटर सांभाळले आणि निवृत्त होताना चाव्या परागच्या हातात दिल्या. अण्णांचा मेल सर्व्हर म्हणजे जिन्याखाली घरघरणारी एक धुळकट पेटी होती. परागने ती भंगारात काढली आणि नवा सर्व्हर बसवला.

“तुमचं सगळं मोडून मी नवं उभं केलं. त्याचा राग नाही ना?”

अण्णांनी मान हलवली. नाही.

परागला बरं वाटलं. तो जरा सावरून बसला.

“सर्व्हर वेगळ्या खोलीत ठेवला. ऑफिसच्या बाकीच्या मशीनपासून तोडलेला, मध्ये फायरवॉल. मेल यायला-जायला लागते तेवढीच वाट उघडी, बाकी सगळ्या बंद. पासवर्ड लांबलचक. वर मोबाईलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय कुणी आत जाऊच शकत नाही. साहेब स्वतः वैतागले, तरी सूट दिली नाही.”

“हं.”

“शेजारच्या कारखान्यात चोर शिरले. सगळ्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागत बसले. आमच्याकडे एक माशी शिरली नाही, अण्णा.”

“हं… छान.”

“येणाऱ्या प्रत्येक मेलची ओळख तपासतो सर्व्हर. पाठवणारा खरंच तोच आहे, की त्याच्या नावावर भलताच कुणी. ओळख पटली नाही की मेल आत नाही. तुमचा सर्व्हर अशा वेळी काय करायचा? मेल परत पाठवायचा, वर कारणही सांगायचा. भोळा होता तुमच्यासारखाच.”

परागला थोडं हसू आलं. अण्णाही हसले.

“मी तसं नाही ठेवलं. नकार दिला की चोराला कळतं, ही वाट बंद आहे. मग तो दुसरी शोधतो. म्हणून माझा सर्व्हर नाही म्हणतच नाही. ‘मिळालं’ म्हणतो… आणि गुपचूप फेकून देतो. चोर खूश होऊन आपल्या वाटेने जातो. पटतंय ना?”

अण्णांनी मान हलवली. डाळिंबी पातेल्यात पडली.

परागला आता पुढचं सांगायचं होतं.

“इस्माईलभाई मिस्त्री तुम्हाला माहीत आहेत. मागच्या गल्लीतली भट्टी. आपले हूक तापवून, पाणी देऊन कडक करतात, ते.”

“हं.”

“त्यांच्या भट्टीचा काटा बिघडला होता. तापमान चुकीचं दाखवत होता. माल आमच्याकडे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मेल केला… हे हूक कच्चे राहिलेत, लावू नका, मी येऊन परत घेऊन जातो.”

“हं.”

“फोन का नाही केला म्हणाल. तर फोनवरचं काही धरायचं नाही, जे असेल ते मेलवरच कळवायचं, असा आमचा नियम आहे. मीच सुचवला होता. तोंडी बोलण्याचं उद्या कोण काय सांगणार? आणि एरवी इस्माईलभाई मेल करायचेच नाहीत, त्यांचं डिलिव्हरी चलन मालाबरोबर यायचं, म्हणून हे आधी कधी लक्षात आलं नाही. मेलची ओळख पटवायची सोय करून घ्या, असं मी सगळ्यांना कळवलं होतं. त्यांनी नाही केली. आता ती माझी चूक?”

परागचा आवाज चढला होता. त्याच्याच ते लक्षात आलं. त्याने तो खाली आणला.

“सर्व्हरने ‘मिळालं’ म्हटलं. आणि फेकला.”

अंगणातल्या शेवग्यावर कावळा येऊन बसला, उडून गेला.

“त्यातला एक हूक चाचणीला लावला. वजन टांगून बघतात ना, तसं. रामनाथ खैरनार खाली होता… फिटर.”

परागने कागदावरचं एक साल बोटाने सरकवलं.

“दर सोमवारी पासवर्ड विसरायचा तो, अण्णा. दारात उभा राहून म्हणायचा, ‘गायधनीसाहेब, तुमचं कुलूप माझ्या टाळक्यात मावत नाही. जरा लहान साइजचं द्या की.’ मी म्हणायचो, टाळकंच मोठं करून घे…”

“हं.”

“हूक तुटला. जागच्या जागी गेला.”

अण्णांनी मान हलवली. मघाचीच मान, मघाच्याच लयीत.

“आता सगळे इस्माईलभाईंना धरतात. कच्चा माल दिला आणि लपवून ठेवलं, म्हणून. पोलीस बोलावतात, दिवसभर बाकावर बसवून ठेवतात. भट्टी थंड पडली. गल्लीत कुणी त्यांच्याशी बोलत नाही.”

“हं.”

“पण मी जे केलं ते नियमाला धरून केलं. पुस्तकात दाखवून देईन. माझं चुकलं नाही ना, अण्णा?”

“बरोबर.”

परागने डोळे मिटले. किती दिवस हा एक शब्द त्याला हवा होता. बायको म्हणाली असती तर त्याला पटलं नसतं. साहेबांनी म्हटला असता तर त्याने मोजलाच नसता. अण्णांनी म्हटला… छातीवरचं काहीतरी सरकल्यासारखं झालं.

आत कुकरची शिट्टी झाली. पुन्हा झाली. मग होतच राहिली.

“अण्णा, कुकर.”

“हं… बरोबर.”

“अण्णा, करपतंय! वास येतोय!”

अण्णांनी प्रेमाने मान हलवली आणि पुढचा दाणा उचलला.

पराग उठून आत धावला. गॅस बंद केला. अण्णांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर एकच ताट होतं, एकच वाटी. परत येताना त्याची नजर खिडकीकडे गेली.

खिडकीत स्टीलच्या झाकणीत कानाचं मशीन पडलं होतं.

जिन्याखाली, सर्व्हरच्या पंख्यांच्या घरघरीत अण्णांचं आयुष्य गेलं होतं. मशीन घातल्याशिवाय त्यांना शेजारच्याचं बोलणंही कळत नसे. परागला हे ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

तो झाकणी घेऊन बाहेर आला आणि अण्णांसमोर उभा राहिला. अण्णांनी झाकणीकडे पाहिलं. हात पंचाला पुसले. मशीन कानात बसवलं, त्याचं बटण फिरवलं.

“कधी काढलं होतं हे?” परागने विचारलं.

“तू फाटक उघडलंस तेव्हा.”

“का?”

“तुझा चेहरा पाहिला. म्हटलं, हे काही चांगलं नसणार… नको आत घ्यायला.”

पराग ओट्याच्या कडेवर टेकला. त्याचे कान तापले होते.

“मग मान कशाला हलवत होतात? सरळ सांगायचं होतं, मला ऐकू येत नाही म्हणून!”

“सांगितलं असतं, तर तू उठून दुसऱ्या कुणाकडे गेला असतास.”

परागच्या मनात ते वाक्य पुन्हा उमटलं.

दुसऱ्या कुणाकडे गेला असतास… मग इस्माईलभाई कुठे गेले असते? भट्टी कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. मेल परत आला असता, तर ते कामाच्या कपड्यांनिशी, हात न धुता फाटकावर आले असते. वॉचमनशी भांडले असते. आत घुसले असते. हूक स्वतःच्या हातांनी उचलून नेले असते.

पण त्यांना कळवलं गेलं होतं, की मिळालं. ते निवांत जेवले असतील.

“आता सांग,” अण्णा म्हणाले.

“सांगितलं की सगळं…”

“मला नाही मिळालं.”

परागने पुन्हा सुरुवात केली. “सर्व्हर वेगळ्या खोलीत…” तो अडखळला. “मध्ये फायरवॉल…”

अण्णा वाट पाहत होते. त्यांच्या हातात दाणा नव्हता.

“इस्माईलभाईंचा मेल आला होता, हूक कच्चे आहेत, लावू नका म्हणून,” पराग म्हणाला. “मी घेतला म्हणालो. आणि फेकला.”

“सर्व्हरने?”

“…मी.”

अण्णांची मान हलली नाही.

“अजून आहे, अण्णा. मघाशी हे नव्हतं सांगितलं.” पराग शेवग्याकडे बघत म्हणाला. “त्यातला हूक तुटून रामनाथ गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी इस्माईलभाईंना बोलावलं. ते मोबाईल पुढे धरून सगळ्यांना दाखवत होते, हा बघा मेल, मी पाठवलाय. परत आलेला नाही, म्हणजे पोचलाय. साहेब म्हणाले, पराग, बघ. मी सगळ्यांसमोर मेलची पेटी उघडली. पेटीत नव्हता. मी म्हणालो, आलेला नाही.”

“हं.”

या वेळचं ‘हं’ वेगळं होतं. पराग अण्णांकडे पाहू शकला नाही.

“इस्माईलभाई माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘बेटा, पुन्हा एकदा बघ ना. नीट बघ.’ मी म्हणालो, बघितलं. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला… हळूहळू ठेवला. संध्याकाळी सगळे गेल्यावर मला आठवलं, की जे फेकतो ते पेटीत कधी येतच नाही. सर्व्हरच्या नोंदी काढून पाहिल्या. मेल आला होता. मला त्या दिवसापासून ठाऊक आहे, अण्णा. दुसऱ्या कुणाला माहीत नाही. विचारायलाही कुणी येणार नाही, इतकं पक्कं केलंय मी सगळं.”

“बाहेरचा कुणी शिरला नाही ना?”

“नाही.”

“हं.”

वाऱ्याने वर्तमानपत्र फडफडलं. थोडी सालं अंगणात गेली. पराग उठला, ती एकेक वेचून कागदावर आणून ठेवू लागला. वेचता वेचता रडू लागला. रामनाथसाठी की स्वतःसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“मी बोललो तर नोकरी जाईल,” तो पाठमोराच म्हणाला. “पोलीस मग मला बसवतील बाकावर. आणि रामनाथ काही परत येत नाही. येतो का?”

“नाही.”

“इस्माईलभाई आता थकलेत. त्यांची भट्टी तशीही फार चालली नसती…” हे वाक्य त्याचं त्यालाच पुरं करवलं नाही. “काहीतरी बोला ना, अण्णा.”

अण्णांनी शेवटची डाळिंबी पातेल्यात टाकली आणि पातेलं बाजूला ठेवलं.

पराग येऊन त्यांच्या पायाशी बसला. बाही डोळ्यांना लावली. खोल श्वास घेतला. तो पहिल्यांदा नीट आत गेला.

“तुम्हाला सांगितलं, बरं झालं,” तो म्हणाला. “किती दिवस घशात अडकलं होतं. आता मोकळं वाटतंय. आता झोप लागेल मला.”

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. ओट्याच्या पायरीशी परागच्या चपला होत्या, घराकडे तोंड करून. अण्णा वाकले. त्यांना वाकायला त्रास होत होता. त्यांनी चपलांची तोंडं फाटकाकडे वळवली.

“अण्णा…?”

“ऐकलं मी सगळं,” अण्णा म्हणाले. “पण हा निरोप माझ्यासाठी नव्हता.”