‘आलेच’ म्हणणारी बाई

चुलींना आणि फुंकण्यांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. कोंडाबाई “आलेच!” म्हणून बाहेर पडली की तिची चूल तासन्‌तास धडधडून जळत वाट पाहायची आणि लाकडं फस्त करायची. मग चूल रुसून साफ विझायला लागली, तर बाई लगेच परत हजर! पुन्हा पेटवता पेटवता फुंकणी मेटाकुटीला आली, मोळीही संपत आली.

फुंकणी चुलीवर कडाडली, “अगं बये, तिच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघ! हात रिकामे असले, तर राखेखाली नुसती डुलकी काढ. हातात वाटी असली, तर खुशाल विझून झोप!”

तेवढ्यात कोंडाबाईने वाटीभर कोमट दूध उचललं. “शेजारणीकडून विरजण घालून आणते. आलेच!”

चूल खदखदून हसली आणि विझली.

कोंडाबाई परतली, तेव्हा वाटीत घट्ट दही लागलं होतं.