कालव्याचा नारळ

होड्या बोलायच्या तेव्हाची गोष्ट. मध्ये बांध घातला आणि खाडीला मिळणारा कालवा एकटा पडला. नारळी पौर्णिमेला सगळे त्याला ओलांडून समुद्राकडे जात. कालवा कुढे, "मी कुठेच पोचत नाही, मला कोण विचारतो?"

एका वर्षी आवडाबाय कोळीण थांबली. "माझी होडी तुझ्यातच अडकलीय, मग नारळही तुलाच!" म्हणत तिने तो पाण्यात सोडला.

कालवा गोंधळला. "आता हा नेऊ कुठे?"

"नेऊ नकोस, मिरव!" होडी हसली.

कालव्याने नारळ काठाकाठाने मिरवला आणि अलगद आवडाबायच्या पायाशी आणला.

"अगो बाय! समुद्राने कधी परत दिला नव्हता!"

काठावरच सगळ्यांसाठी नारळीभात शिजला.

पुढच्या नारळी पौर्णिमेला समुद्राने वाऱ्याला विचारलं, "माणसं कुठे गेली रे?"

वारा म्हणाला, "थांब, भाताचा वास घेऊन येतो."