मनकर्णामायचा अकराचा भोंगा

फार वर्षांपूर्वी, पूर्णेच्या काठी पिंपळडोह गावात घड्याळ कोणाकडेच नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. घरोघरी हातमाग होते. नवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा, बायको कांड्यांवर सूत भरायची, म्हातारी माणसं सूत उकलत बसायची. तान्हं लेकरू तिथेच झोळीत असायचं. ते रडलं की काम थांबायचं आणि ते पोटभर प्यालं की काम पुन्हा सुरू व्हायचं.

त्या गावात मनकर्णा कोष्टीण राहायची. नवरा लवकर गेला म्हणून ती स्वतःच मागावर बसली. दोन्ही हात कामात, मग झोळी कोण हलवणार? तिनं झोळीची दोरी पायाखालच्या पावडीला बांधली. पावडी दाबली की मागाचे धागे उघडायचे आणि झोळीही हलायची. आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे, झोळी इकडून तिकडे. असं तिनं एकुलतं एक लेकरू मोठं केलं.

मग नदीपलीकडे गिरणी आली. तिची चिमणी इतकी उंच होती की पहिल्या वर्षी बगळे तिच्यावर आदळायचे, असं म्हणतात. मनकर्णेला एक लुगडं विणायला आठ दिवस लागत. गिरणीतून तेवढ्या वेळात गाडीभर कापड निघायचं, तेही स्वस्त आणि नरम. गावातल्या बायकाच ते नेसायला लागल्या, मग दोष कोणाला देणार? एकेक माग बंद पडला. मागाची लाकडं चुलीत गेली. आधी पुरुष गिरणीत गेले, मग बायका गेल्या, मग ज्यांना नीट चालता येत होतं त्या म्हाताऱ्याही कापूस निवडायला गेल्या.

पहाटे भोंगा व्हायचा आणि दार बंद व्हायचं. संध्याकाळी भोंगा व्हायचा आणि दार उघडायचं. मधे आईला बाहेर येता येत नसे.

घरी राहिली ती फक्त तान्ही लेकरं, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला शेजारपाजारची पाच-सहा वर्षांची पोरं. तेव्हा कोणीतरी अफूची गोळी आणली. मोहरीएवढी गोळी पहाटे मधात चाटवली की लेकरू संध्याकाळपर्यंत झोपायचं. सगळेच देत होते. वाईट कोणीच नव्हतं. आई घरात नसली तर लेकरानं दिवसभर रडत राहायचं का, एवढाच त्यांचा विचार.

मनकर्णा गिरणीत एकच दिवस गेली. कापसाच्या धुरळ्यानं तिला असा खोकला लागला की ती परत आली आणि आपल्या मागावर बसली. सबंध गावात तेवढा एकच माग उरला. आयुष्यभर बारीक सूत हाताळलेलं, त्यामुळे तिची बोटं फार नेमकी. गोळी लहानमोठी होऊ नये म्हणून बायका तिच्याकडूनच वळून न्यायच्या.

"तुया हातची गोळी म्हणजे कशी एकसारखी, मनकर्णे," त्या म्हणायच्या. "माग सोड अन् वैदू हो."

"माग सोडला तर पाय कुठं ठेवू?" ती म्हणायची.

त्या वर्षी गावात तीन लेकरं झोपेतच गेली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं थंडी.

तिचा मुलगा आणि सून कौतिका दोघंही गिरणीत होते, कौतिका सूतखात्यात. नात वेणू चार महिन्यांची. एके दिवशी पहाटे वेणूला गोळी दिली, झोळीत घातलं, आणि मनकर्णा विणायला बसली. सूर्य डोक्यावर आला. वेणू रोज तेव्हा जरा चुळबुळ करायची. त्या दिवशी हलली नाही. मनकर्णेनं तिच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास होता, पण इतका मंद, की एक आल्यावर दुसरा येईल की नाही कळेना.

तिनं तळपाय चोळले. पाणी मारलं. कांदा फोडून नाकाशी धरला. मग पोरीला पदरात घेऊन नदी उतरून गिरणीच्या दारात गेली. दारावर हरबाजी दरवान होता.

"कौतिकाले बोलाव. पोरगी उठत नाही."

"भोंग्याच्या आधी दार उघडत नाही, मावशे. उघडलं तर माही नोकरी जाईन."

"अन् नाही उघडलं तर?"

हरबाजीनं मान खाली घातली, पण दार उघडलं नाही.

मनकर्णा परत आली. तिनं वेणूला पुन्हा झोळीत ठेवलं आणि मागावर बसून जोरजोरात विणायला लागली. ज्या आवाजात पोरगी रोज जागी व्हायची, तोच आवाज तिच्या कानावर घालत राहायचा, एवढंच तिला सुचलं. माग थांबला तर श्वासही थांबेल, अशी तिच्या मनानं धास्ती घेतली. ती पाणी प्यायली नाही, तिनं पाठ टेकली नाही. थोड्या थोड्या वेळानं एक हात लांबवून नाकापाशी बोट धरायची आणि पुन्हा धोटा फेकायची. असं म्हणतात की आठ दिवसांचं लुगडं तिनं त्या एका दिवसात विणलं, आणि त्यात एकही धागा चुकला नाही. संध्याकाळचा भोंगा झाला, कौतिका धावत उंबऱ्यात आली, आणि तिच्या पावलांच्या आवाजाबरोबर वेणूनं बारीकसा सूर काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका गोळ्या न्यायला आल्या. मनकर्णेनं अफूची डबी पूर्णेत फेकून दिली होती. त्या डोहातले मासे तीन दिवस पोट वर करून झोपले होते, असं म्हणतात. ती बायकांना म्हणाली, "लेकरं माह्यापाशी आणा. गोळी कोणाले भेटणार नाही."

"दिवसभर रडतीन ना वं."

"रडू दे. रडते म्हणजे जित्तं हाये."

"एवढ्या झोळ्या हलवाले तुले हात किती?"

"हात कायले? पाय हायेत ना."

घराच्या आढ्याला अकरा झोळ्या टांगल्या गेल्या. अकराही झोळ्यांची एकच दोरी, आणि ती दोरी पावडीला. मनकर्णा विणायची आणि अकरा लेकरं एका वेळी झुलायची. पुढे झोळ्या वाढून चाळीस झाल्या, असंही म्हणतात. एवढ्या त्या घरात मावल्या कशा, ते कोणी सांगत नाही.

पण अफू नसलेलं लेकरू भुकेलं होतंच. शेळीचं दूध किती पुरणार? तिसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर एक लेकरू रडलं, मग दुसरं, मग सगळी. गिरणीत यंत्रांचा असा आवाज की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. तरी ते रडणं नदी ओलांडून आत शिरलं. सूतखात्यात उभ्या असलेल्या आयांना पान्हा फुटला. लुगडी भिजली, हात भिजले, हाताखालचं सूत भिजलं. ओल्या सुताचा गुंता झाला, ते तुटलं आणि यंत्रांच्या फिरत्या चात्यांना गुंडाळलं. एकेक यंत्र थांबत गेलं आणि सगळी गिरणी उभी राहिली.

यंत्रांवर एक गोरा साहेब होता, स्कॉटलंडचा. गाव त्याला म्याकसाहेब म्हणे आणि पोरं पाठीमागून माकडसाहेब म्हणत. तो लालबुंद होऊन रडण्याच्या मागावर निघाला आणि मनकर्णेच्या दारात आला. झोळीची दोरी पावडीला बांधलेली त्यानं पाहिली आणि तो तिथेच उभा राहिला.

"माझी आई असं करायची," तो मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला.

मनकर्णेनं त्याला बसायला घोंगडी दिली. तो सांगू लागला. त्याच्या देशात थंड डोंगर आहेत. तिथेही घरोघरी माग होते, लोकरीचे. मग नद्यांच्या काठी गिरण्या झाल्या. माग थांबले. माणसं डोंगर सोडून धुराच्या शहरात गेली. एका खोलीत आठ-आठ जणं राहायची. सात-आठ वर्षांची पोरं यंत्राखाली शिरून सूत जोडायची. त्याची आईही गिरणीत गेली. धाकटा भाऊ घरी. त्याला झोपायचं औषध द्यायचे.

"मग?" मनकर्णेनं विचारलं.

"तो उठला नाही." साहेबानं झोळ्यांकडे पाहिलं. "इथं किती गेली?"

"तीन. दोघांच्या गोळ्या माह्या हातच्या व्हत्या."

तोवर हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. साहेबामागोमाग गिरणीतून आलेल्या बायका दारात जमल्या होत्या. त्यात त्या दोघांच्या आयाही होत्या. त्या दोघींतली एक पुढे आली आणि रडणाऱ्या एका लेकराची झोळी हलवायला लागली.

मनकर्णा साहेबाला म्हणाली, "उद्यापासून एकही लेकरू जाणार नाही. तुम्ही मधात एकदा दार तेवढं उघडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता गिरणीनं कधी न दिलेला भोंगा दिला. हरबाजीनं दार उघडलं, आणि पदर सावरत साऱ्या आया नदी उतरल्या. साहेबानं वरच्यांना न विचारता हे केलं म्हणून त्याला परत पाठवलं, असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं तो इथेच म्हातारा झाला. भोंगा मात्र रोज होत राहिला.

मनकर्णा पुष्कळ जगली. एकदा अकराच्या भोंग्याला आया आल्या तेव्हा ती मागावर बसल्या बसल्याच गेली होती. पाय पावडीवर, पावडी स्थिर. आणि झोळ्या हलत होत्या. लेकरं पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत, असं म्हणतात.

गिरणी केव्हाच बंद पडली. तिच्या आवारात आता बाभळी आहेत. पण पिंपळडोहात ग्रामपंचायतीचा भोंगा अजून अकराला होतो. तेव्हा लेकरू पीत असेल तर त्या बाईला कोणी आटप म्हणत नाही. रेशनच्या रांगेत नाही, दवाखान्यात नाही. एसटीचा ड्रायव्हर नवीन असला तर तो हॉर्न वाजवतो. मग कंडक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "थांबा जरा. मनकर्णामायचं गाव हाये."

आणि आम्ही आया, लेकरू जरा जास्त वेळ झोपलं की हातातलं काम ठेवून उठतो आणि त्याच्या नाकापाशी बोट धरतो. त्याला गावात 'माय बघणं' म्हणतात. सासू विचारते, बघितलं का? बघितलं, म्हणायचं. थोड्या वेळानं पुन्हा उठायचं. पिंपळडोहात त्याला कोणी हसत नाही.