मेण घ्यायला आलेल्या गांधीलमाश्या

एका आंब्यावर मधमाश्यांची दोन पोळी सुखाने नांदत होती, तेव्हाची ही गोष्ट. गांधीलमाश्या मेण विकत घ्यायला आल्या. मेण ठेवायला त्यांनी एक ढोली मागून घेतली आणि तिच्यावर पहारा बसवला. पुढे मोहोरावरून पोळ्यांमध्ये भांडण जुंपलं, तेव्हा राघी माशीच्या पोळ्याने तोच पहारा मदतीला बोलावला. शेजारचं पोळं उजाड झालं. मोबदला म्हणून मधाची वसुली गांधीलमाश्यांकडे गेली.

एके दिवशी राघी मकरंद घेऊन परतली, तर तिला दारातच अडवलं.

"आधी इथे ठेव. हुकूम आहे."

अडवणारी गांधीलमाशी नव्हती. राघीची धाकटी बहीण मैनी होती, नव्या चाकरीतली.

"कुणाचा हुकूम?" राघी संतापली. "त्या ढोलीत मूठभर आहेत. पहाऱ्यावर सगळ्या आपल्याच. नांगी तुझी, आणि रोखलीस माझ्यावर?"

मैनीने मान खाली घातली. नांगी मात्र तशीच रोखलेली होती.