धोंड्याच्या महिन्याचे चाक

एका राज्यात रत्नांगद नावाचा राजा होता आणि त्याच्या मनगटावर एक घड्याळ होते. घड्याळ कसले, पेढ्याएवढ्या सोन्याच्या डबीत अख्खे पंचांगच! यंत्रेश्वर जादूगाराने ते घडवले होते. तबकडीवर मिन्याचा सूर्य उगवे, चांदीचा चंद्र कलेकलेने वाढे, तिथी आपली आपण बदले. साधारण दर तिसऱ्या वर्षी येणारा अधिक महिनाही त्यात न चुकता येई. आणि घड्याळ दाखवी तेच राज्यात घडे. घड्याळात पौर्णिमा, की आकाशात पौर्णिमा.

राजा शूर होता, देखणा होता, फक्त देताना त्याचा हात आखडे. त्यात त्याला मुली सात, म्हणजे जावईही सात. अधिक महिना हा धोंड्याचा महिना, जावयांचे लाड करण्याचा. प्रत्येकाला पाटावर बसवायचे आणि तेहतीस अनारसे तुपासकट वाण म्हणून द्यायचे. त्या वर्षी महिना लागला, मुदपाकखान्यात तुपाची कढई चढली आणि तिकडे पाहून राजा बोटांवर अनारसे मोजू लागला. त्याने राणीच्या केसातला आकडा घेतला, घड्याळ उघडले, अधिक महिन्याचे चाक उचकटले आणि विहिरीत टाकले. ना राहील महिना, ना येतील जावई, असा त्याचा हिशोब.

सहा जावई अजून घरीच कपडे निवडत होते. धाकटा जयध्वज मात्र हौशी, तो पहाटेच घोड्यावर बसला होता. जो त्या महिन्याच्या आमंत्रणावर निघाला, तो त्या महिन्याबरोबर गेला. घोडा तेवढा रिकामा आला.

मग सगळेच सण महिनाभर आधी येऊ लागले. दसऱ्याला लोक भर पावसात इरली पांघरून सोने लुटायला निघाले. धाकटी राजकन्या केतकी माहेरी आलेली होती, ती वेशीवर बसून राहिली. तिला नवऱ्यावाचून अन्न गोड लागेना. शेवटी ती यंत्रेश्वराकडे गेली.

"चाक विहिरीच्या तळाशी नाही, तळाच्याही खाली आहे," जादूगार म्हणाला. "तिथे टाकून दिलेल्या वेळांचा देश आहे. नव्या वर्षाची गुढी उभी राहण्याआधी चाक आण. एकदा गुढी उभारली, की गेला महिना गेला, आणि त्यातला माणूसही गेला."

केतकीने वडिलांपुढे हात पसरला. "आबासाहेब, घड्याळ द्या."

राजाने मान खाली घालून ते काढून दिले. विहिरीच्या काठावर भारद्वाज पक्षी बसला होता.

"मी ज्याला दिसतो त्याचे काम होते," पक्षी म्हणाला. "पण करावे त्याचे त्यानेच. चल, सोबत येतो."

केतकीने उडी घेतली.

पहिल्या दारात काडीसारखी वाळलेली म्हातारी बसली होती. "मी क्षयतिथी. सूर्य उगवायच्या आत मला संपवतात, म्हणून पंचांगात माझी गणती नाही. मला सूर्योदय दाखव, मग पुढे जा."

केतकीने घड्याळाची किल्ली फिरवली. तबकडीच्या कडेवरून मिन्याचा सूर्य हळूहळू वर आला. म्हातारीने दोन्ही हात जोडले आणि दार उघडले.

दुसऱ्या दारात काळाकभिन्न राक्षस आडवा पडला होता. "मी राहुकाळ. माझ्या वेळेत कोणी घरातून निघत नाही. तू कशी निघालीस?"

"मी केव्हाच निघाले," केतकी म्हणाली. "आता पोचायचे आहे."

राक्षस विचारात पडला. पोचण्याबद्दल त्याला कोणी काहीच सांगितलेले नव्हते. तो बाजूला सरला.

तिसऱ्या दाराआत एक धिप्पाड पुरुष भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो अधिक महिना. त्याच्या मुठीत चाक होते आणि समोर रिकाम्या ताटावर जयध्वज बसला होता, उपाशी, दाढी वाढलेला. केतकीला पाहून त्याचे डोळे भरून आले, पण त्याला पाटावरून उठता येईना.

"मला मलमास म्हणतात," महिना म्हणाला. "माझ्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. एक जावयाचे जेवण होते, तेही तुझ्या बापाच्या डोळ्यांत खुपले. माझ्यात एक मंगलकार्य कर. चाक घे, नवरा घे."

"कोणते कार्य?"

"ते तू ठरव. आजवर कोणी धजले नाही."

केतकीने खांद्यावरचा शेला सावरला. मलमासात शुभ कार्य केले तर संसाराला दृष्ट लागते, असे तिने लहानपणापासून ऐकले होते. तिने जयध्वजाकडे पाहिले.

"पुन्हा लग्न कराल माझ्याशी? आत्ता?"

"मुहूर्त?" जयध्वजाने विचारले.

"नाही."

"मग उशीर कशाला?"

केतकीने शेल्याचा अंतरपाट केला. एक टोक मागोमाग आलेल्या क्षयतिथीने धरले, दुसरे राहुकाळाने. भारद्वाजाने मंगलाष्टके म्हटली, जरा घोगरी, पण एकही कडवे न गाळता. "शुभमंगल सावधान" होताच महिना उभा राहिला. तो हसत होता, रडतही होता. त्याने चाक केतकीच्या तळहातावर ठेवले आणि जयध्वज पाटावरून उठला.

दोघे धावत सुटले! विहिरीबाहेर उजाडले होते. वाड्यासमोर राजपुरोहिताने गुढीची काठी उचलली होती, कलश उन्हात चमकत होता. तिथेच वाट पाहत थांबलेल्या यंत्रेश्वराने घड्याळ उघडले आणि चिमट्याने चाक पकडले. काठी तिरपी झाली, सरळ होऊ लागली, आणि चाक जागी बसले. टिक्.

पुरोहिताच्या हातातली काठी थबकली. तबकडीवर चैत्राआधी अधिक महिना येऊन उभा होता. सण आपापल्या ऋतूंत परतले, लोकांनी इरली खुंटीला टांगली. राजाने जयध्वजाचे पाय धुतले आणि केतकीने घड्याळ वडिलांच्या मनगटावर बांधले.

दुपारी राजज्योतिषी धापा टाकीत आला. "महाराज, विपरीत घडले. या निषिद्ध महिन्यात सात घरची माणसे लग्नाची तिथी मागायला आली आहेत. काय सांगू?"

राजाने लेकीकडे पाहिले.

केतकी म्हणाली, "विचारा त्यांना, आज चालेल का."

चुकला महिना घरी आला, चुकला जावई पाटावर बसला. ऐकणाऱ्यांचीही वेळ अशीच फळो.