भट्टीत घाणा नसतो

“पण मग रांधणारीच शेवटी का, खाला? तिला भूक उशिरा लागते?”

केतकीचा आवाज चढला होता.

जैबून खाला आपल्या पावाच्या भट्टीच्या तोंडाशी पाटावर बसली होती. तिनं चिमूटभर पीठ आत भिरकावलं आणि वाकून पाहिलं. पीठ जळलं नाही. हळूहळू तांबूस झालं.

“आता ठेवता येईल,” ती म्हणाली.

“मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं. ट्रे दे.”

केतकीनं ट्रे दिला नाही. छातीशी धरून उभी राहिली.

तीन वर्षं ती इटलीत होती, अन्नशास्त्र शिकायला. ज्या घरात भाड्यानं राहायची, तिथली म्हातारी दर रविवारी भट्टीतला ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवायची, एप्रन सोडायची आणि सगळ्यांबरोबर बसायची. रांधणारी बाई गरम जेवताना केतकीनं आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाहिली. गावी परतल्यावर पहिल्याच रविवारी तिनं ठरवलं, आज संध्याकाळी आई सगळ्यांबरोबर बसणार.

घरी ओव्हन नव्हता. पण दिवाळीत अख्खी पेठ नानकटाई भाजायला खालाकडे आणते. मग हा ट्रे कुठं न्यायचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

“काय म्हणतात याला?”

“पोल्पेत्ते.”

“पोळपाट?”

“पोल्पेत्ते, खाला! खिम्याचे गोळे. दुधात भिजवलेला पाव, अंडं, लसूण, किसलेलं चीज. खाली टोमॅटोचा रस्सा.”

खालानं ट्रेवरचं फडकं एका बोटानं उचललं.

“कोफ्ते.”

“कोफ्ते तळतात. हे भाजायचे.”

“आणि एवढं शिकायला तीन वर्षं?”

“हसा तुम्ही. हसाच!” केतकीचे कान लाल झाले. “तळणात काय होतं, माहीत आहे ना? घाणा असतो. पहिला घाणा आबांना. दुसरा काकांना. तिसरा चुलतभावांना, कारण ते दमून आलेले असतात. आई कढईपाशी. शेवटच्या घाण्यातले फुटलेले, करपलेले उरतात, ते तिचे. तीस वर्षं ती फुटलेलंच खातेय, खाला. आणि म्हणते, मला कडक आवडतं.”

केतकीनं ट्रे जरा पुढं केला.

“भट्टीत घाणा नसतो. सगळे एकदम आत, सगळे एकदम बाहेर. गरम असताना एकीनं बाजूला उभं राहायचं कारणच उरत नाही. म्हणून मी हे करतेय. मला काय कोफ्त्यांची हौस आली नाही.”

“खिमा कुठला?”

“तुमच्याच गल्लीतला. करीमभाईंकडचा.”

“हं.”

खालानं ट्रे घेतला. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर ठेवून भट्टीत सरकवला, लोखंडी झाकण लावलं, कडी घातली.

आत तेल चुरचुरल्याचा बारीक आवाज आला.

“बस,” खाला म्हणाली.

केतकी पिठाच्या पोत्यावर टेकली. लगेच उठली. कडीपाशी गेली, परत आली.

“बस म्हटलं.”

“बसतेय की.”

“अर्धीच बसलीस.”

केतकी नीट बसली.

“आणि भाकरी?” खालानं विचारलं.

“म्हणजे?”

“गोळे एकदम झाले. भाकरी कोण करणार?”

केतकीनं तोंड उघडलं… आणि मिटलं.

“आई,” ती हळूच म्हणाली.

“तव्यावर?”

“तव्यावर.”

“सगळ्या एकदम?”

“…एकेक.”

भट्टीमागं लाकूड तडकलं. खाला हसली नाही, हे केतकीला जास्त लागलं.

“आईला सांगितलंस, बस म्हणून?”

“दहा वेळा. म्हणते, तुम्ही बसा गं, मी मागून बसते.”

“आणि तुझ्या वडलांना, सर्जेरावांना?”

“आबांशी पाऊण तास बोलले सकाळी. सगळं समजावलं. तिथली घरं कशी असतात, माणसं कशी वागतात, सगळं.”

“काय म्हणाले?”

“बघू म्हणाले.”

“बघू.”

“पण मी सोडणार नाही. आज थोरले काका आहेत, सगळे आहेत. सगळ्यांसमोर मागणार. लिहून आणलंय.” तिनं खिशातून दोन कागद काढले. दोन्ही पाठपोट भरलेले.

“वाच.”

केतकी उभी राहिली. घसा साफ केला.

“आबा, आज मी तुमच्याकडे एक विनंती करणार आहे. ज्या हातांनी हे घर उभं केलं, त्या हातांना आज आपल्या पंगतीत मानाचं स्थान मिळावं, अशी माझी कळकळीची…”

“दे इकडं.”

खालानं कागद घेतले. एकदा दुमडले, दोनदा दुमडले, जाड घडी केली. त्या घडीनं तापलेली कडी धरली आणि झाकण उघडलं.

“खाला! माझं भाषण!”

“मग काय हात भाजून घेऊ?”

मागच्या रांगेतले गोळे तांबूस झाले होते. पुढचे अजून पांढुरके होते. खालानं फळी आत घातली आणि ट्रे गर्रकन फिरवला. पुढचे मागं गेले, मागचे पुढं आले. झाकण बंद. कडी.

घडीवर काळा पट्टा उमटला होता. तिनं ती केतकीला परत दिली.

“मागणार होतीस?”

“मागितल्याशिवाय कोण देतं?”

“देतात की.” खालानं हाताचं पीठ पदराला पुसलं. “पण पोरी, मागून मिळतं, ते मागूनच मिळतं.”

केतकीला वाटलं, खाला एकच शब्द दोनदा बोलली. मग लक्षात आलं, ते दोन शब्द होते.

तिनं घडी खिशात घातली.

“मग तुम्ही काय केलंत?” तिनं शेवटी विचारलं. तिला वाद ताणून धरायचा होता, पण आवाज खाली आला होता. “चाचा गेले तेव्हा सगळे दीर म्हणाले होते ना, भट्टी बाईचं काम नव्हे? आई सांगते. तुम्ही त्यांच्याकडून भट्टी कशी मागून घेतली?”

“मागितली नाही.”

“मग?”

“पीठ मळायला घेतलं.”

“आणि ते काय म्हणाले?”

“बरंच म्हणाले. दारात उभे राहून म्हणाले. मी मळत होते, नीट ऐकू आलं नाही.”

“मग?”

“मग पाव निघाले. मग लोक आले. पाव आहेत का म्हणाले.”

“एवढंच?”

“गरम आहेत का, असंही म्हणाले.”

केतकी हसली. मग तिलाच राग आला.

“तुमचं वेगळं, खाला. तुम्ही स्वतःसाठी केलंत. मला आईसाठी करायचंय. ती स्वतःहून कधी बसायची नाही. तिला कुणीतरी बसवायला नको?”

“पोतं आहे का ती, उचलून बसवायला?”

“तर मग मी काय करू?”

खालानं नाक भट्टीकडे केलं. वास घेतला. पुन्हा घेतला. मग उठून झाकण उघडलं.

ट्रे बाहेर आला. सगळे गोळे एका रंगाचे, रस्सा कडेला उकळत होता. लसणाचा आणि भाजल्या खिम्याचा वास पार रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण सायकलवरून जाणारा एकजण मागं वळून बघायला लागला आणि खांबाला धडकता धडकता वाचला.

खालानं फडताळातून डाव काढून ट्रेत ठेवला. मग पावाची एक अख्खी लादी काढली. काखेत धरली. चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालात?”

“जेवायला.”

“कुणाकडे?”

“तुमच्याकडे.”

केतकी गोंधळली. “पण… तुम्हाला बोलावलंय?”

“नाही,” खाला म्हणाली. “चल, गार होईल.”

घरी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. चार ताटं मांडली होती. आबा, थोरले काका आणि दोघं चुलतभाऊ बसले होते. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“आली का इटली?” काका म्हणाले. “बघू तरी, साहेबांच्या देशातले गोळे!”

खालानं फडक्यासकट केतकीच्या हातातला ट्रे घेतला आणि चार ताटांच्या मधोमध ठेवला. शेजारी पावाची लादी. मग, कुणी या म्हणायच्या आत, आबांच्या उजव्या हाताला मांडी घालून बसली.

चुलतभाऊ सरकले. सरकावंच लागलं.

“खाला… तुम्ही कशा काय आज?” आबांनी विचारलं.

“पायांनी.”

लहान चुलतभाऊ फिसकन हसला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प झाला.

केतकी दारात उभी होती. सवयीनं तिचा पाय स्वयंपाकघराकडे वळला. ताटं आणायला हवीत, पाणी, मीठ, लिंबू… खिशात कागदाची घडी बोटांना लागली. ती बाहेर काढावी, असं तिच्या फार मनात आलं.

खाला तिच्याकडे बघत नव्हती. लादीतले पाव एकेक सोडवत होती.

केतकी सतरंजीवर बसली. खालाच्या बाजूला, एका माणसाची जागा सोडून. पूर्ण बसली.

काकांनी पाव घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला.

“अगं, ऊठ,” काका म्हणाले. “आईला हात लाव आत.”

“नाही, काका.”

“नाही म्हणजे?”

“बसलेय मी.”

ती हलली नाही. सकाळी पाऊण तास ज्या आबांना तिनं जग समजावलं होतं, त्यांच्याकडे तिनं आता एकदाही पाहिलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. एका हातावर भाकरीचा उंडा, कपाळावर पीठ.

तिनं ट्रे पाहिला. वाफ निघत होती. तळायचं काही उरलं नव्हतं. पाव पाहिले. मग खालाला पाहिलं, लेकीला पाहिलं. दोघींच्या मधे सतरंजीचा एक तुकडा मोकळा होता.

“मंदाकिनी, भाकरी करपेल,” आबा म्हणाले. आवाज हलकाच होता.

“तुम्ही बसा,” आई म्हणाली. “मी माग…”

आणि थांबली.

खाला पाव सोडवत राहिली. बस म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. केतकीच्या ओठांवर आलेलं तिनं नजरेनंच तिथं थोपवलं.

आई वळली. आत गेली.

केतकीनं डोळे मिटून घेतले. तिला आतून तव्याचा आवाज ऐकायचा नव्हता…

आतून आवाज आला तो बटणाचा. गॅस बंद केल्याचा.

मग नळाचं पाणी. थोडा वेळ. हात धुवायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ.

आई बाहेर आली. पदरानं हात पुसले, कपाळ पुसलं आणि त्या मोकळ्या तुकड्यावर बसली. खाली बघत होती. पाठ मात्र ताठ होती.

काकांनी ट्रेकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. चुलतभाऊ आपापल्या रिकाम्या ताटात बघत बसले. वाफ कमी व्हायला लागली.

“बरं, बसा सगळ्याच,” काका शेवटी म्हणाले. “बसा! पण मग वाढणार कोण?”

आईच्या गुडघ्यावरचा हात हलला, उठायला जमिनीवर टेकला…

खालानं आबांसमोरचं ताट उचललं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. मग ट्रेतला डाव आबांच्या हातात दिला.

“वाढा की सर्जेराव,” ती म्हणाली. “वाढायचं वय थोडंच सरलंय तुमचं?”